कोरोनाचे व्हेरियंट आणि जिनोम सिक्वेन्सिंग: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

लातूरच्या क्लासमधली मुलं, जिंतूर-वसमतकडच्या आशाताई, निवृत्त शिक्षक आणि तालुक्याच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर हे प्रश्न पाठवत राहतात. एखादा प्रश्न पुन्हा पुन्हा आला की तो इथे जोडला जातो. उत्तर आधी येऊन गेलं असेल तर फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हेरियंट म्हणजे नवा आजार का?

नाही. आजार तोच, विषाणूचा मजकूर थोडा बदललेला. कोरोनाच्या विषाणूत आरएनएची एक लांब साखळी असते, साधारण २९,९०० अक्षरांची. शरीरातल्या पेशीत शिरल्यावर तिच्या असंख्य नकला निघतात आणि नकलेत चुका होतात. ज्ञानोबांच्या ग्रंथाचंही असंच झालं होतं. हस्तलिखितावरून हस्तलिखित उतरत गेलं, प्रत्येक लेखनिकाची चूक पुढच्या प्रतीत गेली, आणि शेवटी पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला. कोणती चूक कोणत्या प्रतींमध्ये सारखी आहे हे पाहिलं की कोणती प्रत कुणावरून उतरली ते कळतं. विषाणूची वंशावळही याच रीतीनं लावतात. फरक एवढाच, की इथे पाठ शुद्ध करायचा नसतो, चुकांचाच माग काढायचा असतो.

या विषाणूत महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहतात. बहुतेक बदलांनी काहीच फरक पडत नाही. एखाद्या बदलामुळे विषाणू जास्त पसरू लागला किंवा आधीच्या प्रतिकारशक्तीला चुकवू लागला, तर त्या फांदीला नाव मिळतं आणि तिच्यावर लक्ष ठेवलं जातं.

२. आरटीपीसीआर झाली, पॉझिटिव्ह आली. त्यातच व्हेरियंट कळत नाही का?

नाही. आरटीपीसीआर त्या २९,९०० अक्षरांतल्या दोन-तीन ठरावीक जागा तपासते आणि विषाणू आहे की नाही एवढंच सांगते. जिनोम सिक्वेन्सिंगमध्ये साखळी जवळजवळ संपूर्ण वाचतात. दुसऱ्याला वेळ जास्त लागतो आणि एका नमुन्याला काही हजार रुपये खर्च येतो, म्हणून ते सगळ्यांचं करत नाहीत. पीसीआरवरून व्हेरियंटचा अंदाज बांधता आला, असं एकदा घडलं होतं. ते प्रश्न ९ मध्ये आहे.

३. हे काम कोण करतं आणि पैसा कुणाचा?

तुमचा-आमचा. डिसेंबर २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारनं इन्साकॉग नावाचं जाळं उभं केलं. आरोग्य मंत्रालय, जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हे चौघं त्यात एकत्र आले. सुरुवातीला दहा प्रयोगशाळा होत्या: दिल्लीच्या एनसीडीसी आणि आयजीआयबी, पुण्याच्या एनआयव्ही आणि एनसीसीएस, हैदराबादच्या सीसीएमबी आणि सीडीएफडी, बंगळुरूतल्या दोन, शिवाय भुवनेश्वर आणि कल्याणी. हे कल्याणी पश्चिम बंगालमधलं. आपल्याकडे दर वेळी कुणीतरी कल्याण समजतं. पुढे प्रयोगशाळांची संख्या पन्नासच्या वर गेली.

यातली एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, बरीच जुनी. १९५२ साली आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती सुरू केली. याच संस्थेनं मार्च २०२० मध्ये हा विषाणू वेगळा करून वाढवला आणि त्यावर पुढे कोव्हॅक्सिन बेतली गेली.

ब्रिटनचं अशाच कामाचं सार्वजनिक जाळं २०२० च्या वसंतातच सुरू झालं होतं. आपण मागे पडलो तो काळ साधारण नऊ महिन्यांचा.

४. हिंगोलीत घेतलेला स्वॅब निघतो कुठून आणि पोचतो कुठे?

हा प्रश्न आशाताईंकडून सगळ्यांत जास्त येतो, कारण नळी त्यांच्या हातातून गेलेली असते आणि पुढचं कुणी सांगत नाही.

नाका-घशातला स्वॅब गुलाबीसर द्रवाच्या नळीत मोडून टाकतात. झाकण घट्ट लावतात, वरून पट्टी गुंडाळतात, नळीला कापूस लावून झिपच्या पिशवीत ठेवतात आणि बर्फाच्या वड्यांसह लसीच्या डब्यात बसवतात. लेबलवर नाव, वय आणि ओळख क्रमांक. ओल्या हातानं ते पुसलं गेलं की नमुना बाद. सुरुवातीच्या काळात कितीतरी नमुने विज्ञानामुळे वाया गेले नाहीत, साध्या बॉलपेनच्या शाईमुळे गेले.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आरटीपीसीआर होते. पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी काही उणे ७० अंशांच्या आसपासच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. आरएनए हा फार नाजूक रेणू आहे. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना वीज गेली आणि जनरेटर लागायला उशीर झाला, तर नळी दिसायला तशीच राहते पण आतल्या साखळीचे तुकडे झालेले असतात. तिथून ड्राय आइसमध्ये नमुना सिक्वेन्सिंगच्या प्रयोगशाळेत जातो.

तिथे आरएनएची डीएनए प्रत करतात. तिचे साधारण चारशे अक्षरांचे, एकमेकांवर थोडे चढलेले सुमारे शंभर तुकडे वाढवतात, मशीनमध्ये वाचतात आणि २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या वुहानच्या मूळ क्रमाशेजारी मांडतात. जिथे तुकडा वाढलाच नाही तिथे ‘एन’ हे अक्षर येतं, म्हणजे वाचता आलं नाही. शेवटी संगणक वंशावळीतलं नाव लावतो. हे सगळं व्हायला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ जातो. त्यातला मशीनचा वेळ थोडा. बाकीचा प्रवासात, रांगेत आणि कागदांत.

५. नांदेडला हैदराबाद जवळ आहे. मग नमुने पुण्याला का?

रास्त प्रश्न. अंतराच्या हिशेबानं हैदराबादच सोयीचं, शिवाय तिथे दोन मोठ्या प्रयोगशाळा. पण इन्साकॉगनं राज्यं वाटून दिली होती आणि महाराष्ट्राचा भार मुख्यतः पुण्यावर होता. निकाल राज्याच्या आरोग्य यंत्रणेलाच जायचा असल्यामुळे कागदोपत्री ते सोपं होतं. आजार मात्र राज्याची हद्द पाहत नाही. देगलूर-बिलोलीचा माणूस बाजाराला आणि दवाखान्याला तेलंगणात जातो. सीमाभागातले नमुने दोन्हीकडच्या यादीत ताडून पाहायला हवेत, असं आमचं मत आहे.

६. माझा नमुना पुण्याला गेला होता. मला कोणता व्हेरियंट झाला ते कधीच कळवलं नाही. का?

कारण ही तपासणी रुग्णासाठी नसते, साथीवर नजर ठेवण्यासाठी असते. निकाल प्रयोगशाळेकडून केंद्राच्या रोगसर्वेक्षण यंत्रणेकडे, तिथून राज्याकडे आणि मग जिल्ह्याकडे येतो. तो येईस्तोवर रुग्ण बहुधा बरा होऊन शेतावर गेलेला असतो. अपवाद नव्या व्हेरियंटच्या सुरुवातीच्या दिवसांचा. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात ओमायक्रॉनचे जे पहिले रुग्ण सापडले त्यांत लातूर आणि उस्मानाबादचेही होते. अशा वेळी संपर्कातले लोक शोधायचे असतात, म्हणून निकाल त्या घरापर्यंत जातो.

७. व्हेरियंट कळला तर औषध बदलतं का?

बहुतेक वेळा नाही. ऑक्सिजन, स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं रुग्णाची अवस्था पाहून ठरतात. मोठा अपवाद मोनोक्लोनल अँटिबॉडीचा, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणाऱ्या, कारखान्यात बनवलेल्या प्रथिनांचा. कॅसिरिव्हिमॅब-इम्डेव्हिमॅब हे महागडं कॉकटेल डेल्टावर चालत होतं, ओमायक्रॉनवर जवळपास निकामी ठरलं, कारण ते ज्या जागी चिकटतं तीच जागा बदलली होती.

८. डेल्टा महाराष्ट्रातच सापडला म्हणतात. मग एप्रिल २०२१ आपल्यावर असा अचानक कसा कोसळला?

डेल्टा ज्यातला, त्या बी.१.६१७ या घराण्याचे सर्वांत जुने नोंदलेले नमुने भारतातले, ऑक्टोबर २०२० चे. फेब्रुवारीत अमरावती-विदर्भाकडे रुग्ण वाढू लागले. २४ मार्च २०२१ ला आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत एल४५२आर आणि ई४८४क्यू हे बदल (ही नावं कशी वाचायची ते प्रश्न १३ मध्ये) दिसताहेत आणि ते आधी माहीत असलेल्या कोणत्याही चिंताजनक व्हेरियंटशी जुळत नाहीत. तोवर औरंगाबाद, नांदेड, बीडमध्ये खाटा भरत चालल्या होत्या. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं हे घराणं चिंताजनक ठरवलं आणि ३१ मे ला बी.१.६१७.२ ला डेल्टा हे नाव दिलं.

म्हणजे माहिती अजिबात नव्हती असं नाही. होती, पण विरळ होती आणि उशिरा आली. पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी ५ टक्के वाचायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात त्याच्या जवळही जाता आलं नाही. रासायनिक द्रव्यं परदेशातून यायची, नमुने जिल्ह्यांतून निघायलाच वेळ लागायचा. आणि जे कळलं होतं त्यावर निर्णय घेणं हे शास्त्रज्ञांच्या हातात नव्हतं. इन्साकॉगच्या शास्त्रीय सल्लागार गटाचे अध्यक्ष, विषाणूतज्ज्ञ शाहिद जमील यांनी मे २०२१ मध्ये पद सोडलं. त्याच सुमारास शेकडो भारतीय शास्त्रज्ञांनी, साथीची माहिती संशोधकांना खुली करा, अशी मागणी पंतप्रधानांकडे केली होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हेच जाळं आणि केंब्रिजमधला रवींद्र गुप्ता यांचा गट यांनी मिळून डेल्टाचा अभ्यास केला आणि तो २०२१ मध्येच प्रसिद्ध झाला. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांमधले लस घेऊनही बाधित झालेले कर्मचारी त्यात होते. मूळ विषाणूच्या तुलनेत डेल्टा बऱ्या झालेल्यांच्या अँटिबॉडींना सहा पट आणि लसीमुळे तयार झालेल्या अँटिबॉडींना आठ पट कमी दाद देतो, असं प्रयोगशाळेत दिसलं. लस घेतलेल्या नर्सला पुन्हा ताप का आला, याचं उत्तर त्यात होतं.

९. ओमायक्रॉन साध्या पीसीआरवर ओळखू येतो, असं तेव्हा पेपरात होतं. खरं का?

अर्धं खरं. काही किट तीन जागा तपासतात, त्यांतली एक एस जीनवरची, म्हणजे विषाणूच्या अंगावरचे काटे (स्पाइक) घडवणाऱ्या भागातली. पहिल्या ओमायक्रॉनमध्ये नेमक्या त्या जागची सहा अक्षरं गळालेली होती. त्यामुळे बाकी दोन जागा पॉझिटिव्ह आणि एस गायब, असा निकाल आला की संशय घ्यायचा. पण आधीच्या अल्फा या व्हेरियंटमध्येही तीच अक्षरं गळालेली होती, आणि ओमायक्रॉनच्याच बीए.२ या फांदीत ती शाबूत होती. म्हणून ही खूण फक्त कोणता नमुना आधी वाचायचा हे ठरवायला वापरायची. आता तिचा फारसा उपयोग नाही.

१०. व्हेरियंटच्या यादीत आमच्या जिल्ह्याचं नावच नाही. म्हणजे तो इथे आलाच नाही ना?

हे पान लिहावंसं वाटलं ते मुख्यतः या प्रश्नामुळे.

यादीत नाव नसणं याचा एवढाच अर्थ, की तिथला नमुना वाचला गेलेला नाही. जुलै २०२१ पासून इन्साकॉगची पद्धत अशी ठरली की प्रत्येक राज्यानं पाच प्रयोगशाळा आणि पाच मोठी रुग्णालयं निवडायची आणि त्यांनी ठरावीक मुदतीनं पंधरा-पंधरा नमुने पाठवायचे. आता महाराष्ट्राचे जिल्हे ३६. दहा ठिकाणं कशीही वाटली तरी बरेच जिल्हे उघडे राहणारच. डेल्टा प्लस या डेल्टाच्याच फांदीच्या वेळी राज्यानं प्रत्येक जिल्ह्यातून नमुने मागवले होते, पण तशा मोहिमा ओसरतात.

त्यात आणखी एक खोच आहे. नमुना येतो तो दवाखान्यात पोचलेल्याचा. ऊसतोडीला बीडहून सांगली-कोल्हापूरकडे गेलेलं कुटुंब तिथे आजारी पडलं, कोपीवरच पडून राहिलं आणि बरं होऊन परतलं, तर ते कुठल्याच जिल्ह्याच्या नोंदीत नाही. पुण्याच्या नावावर शेकडो क्रम असतात, कारण मशीन तिथे आहे. नकाशावर पुणे लाल आणि हिंगोली पांढरी दिसली की लोक हिंगोलीत निर्धास्त होतात. सार्वजनिक पैशाचं हे काम सर्वांसाठी म्हणायचं, तर औंढ्याचा नमुनाही त्यात हवा. नाहीतर त्या नकाशातून कळतं एवढंच, की प्रयोगशाळा कुठे आहेत.

११. माझा सीटी ३२ होता आणि नमुना ‘सिक्वेन्सिंगसाठी अयोग्य’ म्हणून परत आला. हा काय प्रकार?

हा सीटी स्कॅन नव्हे; पीसीआरमध्ये विषाणू दिसेपर्यंत किती फेऱ्या लागल्या तो आकडा. सीटी जितका जास्त तितका नळीतला विषाणू कमी. साधारण सव्वातीनचा फरक म्हणजे दहा पट. संपूर्ण साखळी वाचायला माल पुरेसा लागतो, म्हणून सीटी २५ च्या आत, फार तर ३० पर्यंतचे नमुने घेतात. ३२ वर वाचायला गेलं तर प्रश्न ४ मधले ‘एन’ जागोजागी येतात. आजाराच्या गांभीर्याशी सीटीचा थेट संबंध लावू नका. उशिरा स्वॅब घेतला तरी आकडा वाढतो.

१२. एकाच माणसात दोन व्हेरियंट असू शकतात का? एक्सबीबी तसाच होता ना?

असू शकतात. दोन फांद्यांचे विषाणू एकाच पेशीत शिरले तर नक्कल अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची, अशीही निघते. अशा संकरांची नावं एक्सनं सुरू होतात. एक्सबीबी हा ओमायक्रॉनच्या दोन फांद्यांचा संकर. त्याचीच एक्सबीबी.१.१६ ही फांदी २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारतात वाढली. पण प्रयोगशाळेत दोन नळ्यांतलं द्रव्य एकमेकांत मिसळलं तरी निकाल तसाच दिसतो. म्हणून एका नमुन्यावरून संकर जाहीर करत नाहीत. तोच जोड वेगवेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांत दिसावा लागतो.

१३. एल४५२आर वगैरे वाचायचं कसं? बारावीच्या मुलाला कळेल असं सांगा.

मधला आकडा स्पाइक प्रथिनातली जागा. आधीचं अक्षर तिथे पूर्वी असलेलं अमिनो आम्ल, नंतरचं आता आलेलं. म्हणजे ४५२ व्या जागी ल्युसिन होतं, तिथे आर्जिनिन आलं. ल्युसिन पाण्यापासून लांब राहणारं, आर्जिनिनवर धन भार. ही जागा आपल्या पेशीला चिकटणाऱ्या भागात येते, त्यामुळे अँटिबॉडीची पकड बदलते. डेल्टातला पी६८१आर हा बदल दुसरीकडचा: स्पाइक जिथे कापला जातो तिथला. त्यानं कापणं सोपं झालं आणि विषाणू पेशीत लवकर शिरू लागला.

१४. पैसा सरकारी, तर माहिती सगळ्यांना खुली का नाही?

बरीचशी खुली आहे. वाचलेले क्रम प्रामुख्यानं जीआयएसएड या आंतरराष्ट्रीय भांडारात गेले. ते २००८ साली फ्लूसाठी सुरू झालं. तिथे नोंदणी करावी लागते आणि ज्यांनी क्रम दिला त्यांचं श्रेय मान्य करावं लागतं. गरीब देशांच्या प्रयोगशाळांनी विश्वासानं माहिती द्यावी म्हणून ही अट. पूर्ण खुलेपणाच्या बाजूचे शास्त्रज्ञ त्यावर नाराज असतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागानं सार्वजनिक निधीतली जैविक माहिती वाटून वापरण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झालं.

अडचण क्रमाची नाही, त्याच्यासोबतच्या माहितीची आहे. रुग्णाला लस झाली होती का, ऑक्सिजन लागला का, तो वाचला का, हे क्रमाला जोडलेलं नसलं तर व्हेरियंट जास्त घातक आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

१५. माझं नाव त्या भांडारात जातं का?

नाव जात नाही. विषाणूच्या क्रमात तुमचा डीएनए नसतो; वाचताना माणसाचे तुकडे आलेच तर ते गाळतात. पण वय, लिंग, तारीख आणि ठिकाण जाऊ शकतं. मुंबईत त्यावरून कुणी ओळखू येणार नाही. दीड हजार वस्तीच्या गावात ‘आखातातून आलेला, अमुक वयाचा पुरुष’ एवढं बातमीत छापलं की संध्याकाळपर्यंत पारावर नाव ठरलेलं असतं. जिल्ह्याच्या खाली ठिकाण जाहीर करू नये, हे पत्रकारांनीही पाळावं.

१६. पुण्यात सांडपाण्यातून व्हेरियंट शोधतात. आपल्याकडे का नाही?

सांडपाण्याचा फायदा असा, की दवाखान्यात न आलेल्यांचाही विषाणू त्यात येतो, म्हणजे प्रश्न १० मधली खोच काहीशी भरून निघते. पण त्यासाठी पाणी एका ठिकाणी गोळा व्हावं लागतं. भुयारी गटारं नसलेल्या गावात पाणी उघड्या नालीतून, शोषखड्ड्यातून जिरतं. शहरांच्या मलशुद्धीकरण केंद्रांवर आणि मोठ्या वसतिगृहांत ते जमण्यासारखं आहे.

१७. नव्या व्हेरियंटसाठी नवी लस आली होती का?

हो. पुण्याच्या जेनोव्हाची ओमायक्रॉनवर बेतलेली एमआरएनए लस जून २०२३ मध्ये आपत्कालीन वापरासाठी मंजूर झाली. तिलाही जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा होता. सुईविना, त्वचेत देण्याची. येईपर्यंत लोकांचा उत्साह संपला होता.

१८. आता हे सगळं बंद झालं का?

नाही, कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये कोरोनाची जागतिक आणीबाणी उठवली, पण वाचन सुरू राहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये केरळात जेएन.१ आणि मे २०२५ मध्ये एनबी.१.८.१ व एलएफ.७ या फांद्यांची नोंद याच जाळ्यानं केली.

१९. आमच्या वसतिगृहात एकदम पंधरा-वीस पोरं तापली. नमुना पाठवा असं कुणाला म्हणायचं?

जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला. तो जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात किंवा जिल्हा रुग्णालयात बसतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यामार्फतही कळवता येतं. ‘एकाच ठिकाणी एकाच वेळी अनेक रुग्ण’ हे शब्द वापरा. अशा घटनेतले नमुने नेहमीच्या कोट्याबाहेर घेता येतात. ताप आल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसांतच स्वॅब व्हायला हवा, नाहीतर प्रश्न ११ ची गत होते. सगळ्यांचे नकोत, ताज्या आजाऱ्यांपैकी पाच-सहांचे पुरतात. पोरांना सुटी देऊन गावी पाठवण्याआधी हे करा, कारण ती एकदा लोहा, कंधार, मुखेडला पांगली की नमुनाही गेला आणि साखळीही.